पुनाची खाट

"आठवडाभर खाट सोडायची नाही," डॉक्टरांनी सुकदेव नानांना बजावलं. "टायफॉइड उलटला तर थेट जळगावला भरती. सलाइन, सुया, सगळं."

सुयांचं नाव निघताच नाना खाटेवर आडवे झाले. तेवढ्यात छगन भेटायला आला.

"आते कसं शे, नाना?"

पाहुण्याशी झोपून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून नाना उठून बसले आणि ताप केळीच्या बागेत कसा भरला ते सांगितलं. मग अभिमन आला. नानांनी पहिल्यापासून सांगितलं. मग ताईबाई आल्या. छगन आणि अभिमन अजून बसलेलेच होते. ते ऐकत होते, चुका काढत होते आणि सांगायचं राहून गेलेलं आठवून देत होते.

"नाना, उलटीनं ऱ्हाई गयं."

दोन दिवसांत नानांचा आवाज बसला. "दार लाव," ते बायकोला म्हणाले.

"येणाराले नही कसं म्हनू?" सुंदरबाई म्हणाल्या. "तुम्ही बी बठ्ठासकडे जाई बसतस ना!"

ते खरं होतं, नाना सगळ्यांकडे जाऊन बसत. गावातलं एकही दुखणं नानांनी सोडलं नव्हतं. त्यावरून त्यांना आठवलं, समोरच्या पुनाची केळीचा घड उचलताना कंबर धरली आहे. आणि भेटायला जाणाऱ्याला फक्त ऐकायचं असतं. नाना काठी टेकत निघाले.

पुना खाटेवरून कण्हत उठला. "नाना, तुम्ही आजारी माणूस. खुर्चीवर नका बसू, खाटवर बसा."

नाना बसले, मग टेकले. पुनाने कंबरेचं सांगायला सुरुवात केली, तोवर ते घोरू लागले. पुना प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला. मोठ्या माणसाला उठवणार कसं?

दुसऱ्या दिवशीही नाना आले. त्यांना भेटायला येणारे आता परस्पर पुनाकडे येऊ लागले. नाना झोपलेले पाहून सगळे पुनालाच विचारत. पुना हळू आवाजात नानांचा ताप बागेपासून सांगे. उलटीही विसरत नसे. मधूनमधून उठून चहा ठेवी.

आठवड्याने डॉक्टरांनी नानांना तपासलं. "शाब्बास! असा आराम करणारा पेशंट पाहिला नाही." मग समोर जाऊन पुनाला पाहिलं. त्याला खुर्चीतून उठताच येईना. "तुलाही पडून राहायला सांगितलं होतं ना?"

"पडाले खाट रिकामी पाहिजे ना, डॉक्टरसाहेब."

पुनाला जळगावला भरती केलं. नानांना फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते पहिल्या बसने भेटायला गेले. प्रवासाने चांगलेच थकले होते.

पुनाने त्यांना दारातच पाहिलं आणि हातपाय पसरून पलंगभर आडवा झाला.