कावासेमीचं उत्तरकार्य

टीव्हीवरच्या खेळाचं यंत्र कधी मरणार, हे मी नुसता वास घेऊन सांगतो! बावीस वर्षं जपानातल्या हिमी गावच्या बाजारात हाच धंदा करतोय. यंत्राचं आयुष्य पाच वर्षं. सहाव्या वर्षी ते घरजावयासारखं होतं. कोणी हाकलत नाही, पण पान मांडायचं विसरतात. (मी सासऱ्यांच्या दुकानात बसतो, तेव्हा हे अनुभवाचे बोल.)

'कावासेमी' नावाच्या यंत्राला तर नववं लागलं होतं. कारखान्याने ते बंद केल्याचं जाहीर केलं आणि मी त्याच दिवशी नव्या 'कावासेमी-दोन'ची वीस खोकी मागवली. परत न घेण्याच्या बोलीवर!

"नाही खपली तर बाबांच्या दुकानाचं शटर पाडावं लागेल," माझी बायको फुसाए म्हणाली. "एवढंच विचारते, पाडणार कोण? तुम्ही की मी?"

पण माझी योजना तयार होती. आमच्याकडे मोडक्या सुयांनासुद्धा मऊ टोफूत खोचून निरोप देतात, बाहुल्यांसाठी मंत्र म्हणतात. मग नऊ वर्षं राबलेल्या यंत्राने काय पाप केलं? काळ्या चौकटीची पत्रं धाडली: 'रविवारी सकाळी दहाला देवळात कावासेमीचं उत्तरकार्य. आपलं यंत्र घेऊन यावं. अर्पण करणाऱ्यास नवं यंत्र पाच हजार येनने स्वस्त.' मागे वळून बघायला नको म्हणून कावासेमीच्या जुन्या खेळांचं अख्खं फडताळ कानाझावाच्या व्यापाऱ्याला विकून मोकळा झालो.

रविवारी सदतीस माणसं आली. सगळी काळ्या कपड्यांत, यंत्रं रुमालात बांधलेली. उदबत्त्या लागल्या. न्हावी इसोबे तर डोळे पुसत होता. मी मनात खोकी मोजत होतो.

र्‍योकाई गुरुजींनी घंटा उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"निगिशी-सान, मेल्याची खात्री केलीत?"

"गुरुजी, कारखान्यानेच जाहीर केलंय."

"कारखान्याने जन्म दिला. गेलं की नाही, ते घरच्यांनी सांगायचं. लावून बघा."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तोकिवा आजींचं यंत्र देवळाच्या टीव्हीला जोडलं. तीन सेकंदांत सुरू! चार भिडूंचा मासेमारीचा खेळ.

"अगं बाई! माझा बुरी मासा अजून गळालाच आहे!"

"मग खेळणं सोडलंत कशाला, आजी?" मी विचारलं.

"सोडलं कोणी? साकाकी-सान वारले. चौथा भिडू कुठून आणू?"



"मला विचारायचं होतं!" इसोबे म्हणाला. "मी घरी दोन्ही हातांनी दोघांचं खेळतो."

"तुला काय विचारायचं? केस कापता कापता गावभर करतोस!"

दुपारपर्यंत उदबत्त्या विझल्या, खेळ विझेना. मी घाईघाईने नवं यंत्र जोडलं. 'चाळीस मिनिटं थांबा,' असं म्हणून ते बसलं.

"याला खेळ किती?" आजींनी विचारलं.

"तीन. त्यात मासेमारीचाही आहे, पण... एकट्याने खेळायचा."

"एकट्याने मासे धरायला मी काय बगळा आहे?"

सदतीस रुमाल पुन्हा बांधले गेले. निघताना आजी म्हणाल्या, "उद्या येते हं, याचेच आणखी खेळ बघायला. फडताळ भरलेलं आहे ना?"

मी कमरेत वाकलो. उत्तर सुचत नसलं की आमच्याकडे ही सोय आहे.

पहाटेच्या गाडीने कानाझावा गाठलं आणि माझंच फडताळ दुप्पट भावाने परत आणलं. त्या फडताळाने दुकान तारलं. नवी यंत्रं तीन खपली. त्यातलं एक गुरुजींनी घेतलं, निव्वळ करुणेपोटी.

दीड वर्षाने कारखान्याने 'कावासेमी-दोन'ही बंद केलं. "त्याचंही करा की उत्तरकार्य," फुसाए म्हणाली. केलं. पत्रंही धाडली. हजर कोण? गुरुजी, फुसाए आणि मी.

"शोक करणारं कोण आहे?" गुरुजींनी विचारलं.

उरलेल्या सतरा खोक्यांचा मालक म्हणून मी हात वर केला.

घंटा वाजली. मान खाली घातली. तेवढ्यात देवळाशेजारच्या सभागृहातून, जिथे आता रोज जुन्या कावासेमीवर डाव रंगायचा, आजींचा आवाज आला, "निगिशी-सान, आटपलं असेल तर या! इसोबे आला नाही, चौथा भिडू कमी आहे!"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते केव्हाच उठून चालू लागले होते.