मनगटाचा हिशेब

माणसाच्या अवयवांची रास्त किंमत सांगू शकणारे लोक जगात मोजके आहेत आणि मी त्यांतला एक आहे. कारखान्याच्या नुकसानभरपाई विभागात माझी उभी हयात गेली. अंगठा म्हणा, तर्जनी म्हणा. पगार आणि अपंगत्वाचे टक्के सांगा, आकडा तयार. त्यामुळे शिक्के मारून मारून माझंच मनगट धरलं, तेव्हा मला दुःख झालं नाही. कौतुक वाटलं.

"कायमचं अपंगत्व, वीस टक्के," मी बायकोला सांगितलं. "वॉशिंग मशीन आलं म्हणून समज."

बायको बादलीभर कपडे पिळून नुकतीच टेकली होती. स्वतःचं मनगट चोळत म्हणाली, "वीसमध्ये कपडे वाळवणारं येतं का हो?"

मी पंचवीस केले.

आता नियम असा, की एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून हात दुखावला असेल, तर ती दिवसातून किती वेळा होते हे कंपनीच्या डॉक्टरीणबाई शेजारी बसून मोजतात. हा नियम मीच सुचवलेला. लोक फार चढवून सांगतात.

बाई येणार म्हणून मी आदल्या दिवशी तुंबलेले सगळे कागद हातावेगळे करून टेबल लख्ख केलं. पाहुणे यायचे म्हटलं की आवरायची सवय! परिणामी सकाळी शिक्का हातात आणि मारायला कागद नाही.

"रोज असंच असतं?" बाईंनी विचारलं.

"छे, छे. आज जरा..."

"मनगट मात्र यांचं सारखं चालतं हं, बाई," शेजारच्या टेबलावरचे काका मदतीला धावले.

संध्याकाळी बाईंनी मोजणी वाचली. शिक्के नऊ. चहात चमचा फिरवल्याचा आकडा मी इथे देत नाही.

"साखर विरघळली तरी तुम्ही ढवळत असता," त्या म्हणाल्या.

"विचारात असतो."

"कसल्या?"

"भरपाईच्या."

"अपंगत्व शून्य," बाई म्हणाल्या. "व्यायाम लिहून देते."

घरी बायकोने चिठ्ठी मोठ्याने वाचली. ओला टॉवेल दोन्ही बाजूंनी घट्ट पिळणे, रोज. मग ती उठली आणि भरलेली बादली माझ्यापुढे आणून ठेवली.

"यात टॉवेल कुठाय?" मी विचारलं.

"तळाशी."

मनगट महिन्याभरात बरं झालं. तिचंही. चादरी रविवारी असतात.