बंद पडलेल्या मोटारींचा सिद्रामप्पा

मोटारींच्या शर्यतीत पहिला कोण आला, हे सिद्रामप्पानं मला कधीच विचारलं नाही. तो विचारायचा, "बंद किती पडल्या?"

सिद्रामप्पा सोलापुरातला टांगेवाला आणि मी एका मिलच्या कचेरीत कारकून. आमच्या गोऱ्या मॅनेजरसाठी विलायतेची वर्तमानपत्रं बोटीनं यायची, महिन्याभराची एकदम. साहेबांचं वाचून झालं की गठ्ठा आमच्या टेबलावर उतरायचा आणि तो बगलेत मारून मी सिद्रामप्पाच्या टांग्यात बसायचो आणि त्यातल्या खेळांच्या बातम्या त्याला मराठीत सांगायचो. सात रस्ता चौकापर्यंत फुटबॉल, तिथून घरापर्यंत मोटारी, असा वाचनाचा क्रम ठरून गेला होता.

फुटबॉलवर त्याचा जीव. "तितं मानूस सोताच्या पायानं पळतोय की! भोंगा वाजवून लोकांला भ्या घालत न्हाय." एका संघावर सहा गोल चढले, तर हरलेल्या गोलकीपरच्या काळजीनं हा हैराण. "घरी जाऊन जेवला आसंल का वो त्यो?"

मोटारींचं सुख मात्र निराळं. इटलीत कुणाचं चाक निखळलं, फ्रान्समध्ये कुणाच्या इंजिनातून धूर निघाला, की तो "आरारारा!" करायचा, पण तोंड असं उजळायचं, जणू घरात बारसं आहे. मग घोडीच्या पाठीवर थाप. "ऐकलीस का चंद्रे? चढाला बसली म्हनं!"

जिंकलेल्या ड्रायव्हरचा फोटो बघून तर तो पेटायचाच. "हार कुनाच्या गळ्यात? ह्येच्या. आन् पळाली कोन? मोटार. मग हार मोटारीला घाला की! आमी दसऱ्याला घोडीला हार घालतो, सोताला घालून घेत न्हाय."

स्टेशनवरची गिऱ्हाइकं मोटारींनी पळवली म्हणून हा जळफळाट, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. खरं दुखणं वेगळं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा मल्लू लगाम खाली ठेवून बार्शीला उतारू नेणाऱ्या मोटारीवर ड्रायव्हर झाला होता. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं तुटलं होतं.

एकदा आम्ही मोटारस्टँडवरून चाललो होतो. मल्लू मोटारीचे दिवे पुसत होता. स्वतःच्या उपरण्यानं पुसायचा, फुंकर मारायचा, मान वाकडी करून बघायचा आणि परत पुसायचा. सिद्रामप्पानं टांगाच थांबवला.

"बगा कसं पुसतोय. माजं पाय कदी दाबलं न्हाईत बेट्यानं, आन् ह्या पत्र्याला गोंजारतोय."

"हाक मारू का त्याला?"

"कशाला? तिचं आजून तोंड पुसून व्हायचंय."

मोटारीला 'ती' म्हणताना त्याचा सूर थेट नव्या सुनेबद्दल बोलणाऱ्या सासूचा होता.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला, मी नवा गठ्ठा घेऊन टांग्यात बसलो. फुटबॉलचा हंगाम संपत आला होता, ते वाचून झालं. मोटारी आल्या.

"बंद किती?"

मी सवयीनं मोठ्यानं वाचत गेलो. "दोघांची इंजिनं बिघडली. एक मोटार वळणावर उलटली. चालवणारा जागच्या जागी…" आणि थांबलो.

"जाग्यावर काय?"

"गेला."

लगाम ओढला गेला. चंद्री भर रस्त्यात उभी राहिली.

"तरना हुता?"

"हो. तसं लिहिलंय."

"बाप हाय का त्येला?"

"ते काही दिलेलं नाही."

"आसं कसं देत न्हाईत?" तो माझ्यावरच खेकसला. "गोल कुनी मारला ते छापत्यात, आन् ह्ये छापत न्हाईत?"

त्यानं टांगा वळवला. "सायेब, वाईच स्टँडवरनं जाऊ."

दुपार कलली होती, तरी ऊन भाजत होतं. बार्शीची मोटार उघड्यावर उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. टाचा भेगाळलेल्या, वर धूळ. सिद्रामप्पानं ते दुरूनच ओळखले. तो उतरला, जवळ गेला आणि उन्हाच्या बाजूला अशा बेतानं उभा राहिला की त्याची सावली बरोबर त्या पायांवर पडली.

"कोन हाय?" खालून आवाज आला.

"मी."

खालची खडखड थांबली. "काय झालं, आप्पा?"

"काय न्हाय. तू कर तुजं काम."

मग सिद्रामप्पाच म्हणाला, "घट आवळ बरं का."

"व्हय."

"चाकं बी बग. सगळी बग."

"व्हय, आप्पा."

इतक्यात ट्रंक घेतलेले एक गृहस्थ तिकडून ओरडले, "ओ टांगेवाले, स्टेशनला येता का?"

"टांगा भरलाय," सिद्रामप्पा मागं न बघताच म्हणाला.

मी केव्हाच उतरून एका दुकानाच्या आडोशाला उभा होतो. टांग्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा तेवढा होता. तिकडे खडखड पुन्हा सुरू झाली. ऊन सरकत होतं आणि सिद्रामप्पा त्याच्याबरोबर थोडाथोडा सरकत होता.