मागच्या दाराची हाक

आमच्या सिविल लाइंसच्या ऑफिसात मेश्रामकाका दारांशी बोलायचे. अंगठा लावला की नाव घेऊन नमस्ते म्हणत दार उघडायची आणि हजेरी घ्यायची यंत्रं त्यांच्या ताब्यात होती. अंगठा टेकवण्याआधी यंत्राला विचारायचे, "अच्छा, बरी आहेस नं?" एखाद्याचा अंगठा लागला नाही की त्यालाच झापायचे, "काहून एवढा दाबून राहिला? तिला ओळखू तर दे!"

मुख्य कॉम्प्युटरला ते 'मोठा साहेब' म्हणत. "पण दार त्याला विचारत नाही बसत. प्रत्येक दाराला आपापलं डोकं दिलंय. तार तुटली तरी ते माणूस विसरत नाही."

काका रिटायर झाले. मुख्य कॉम्प्युटरमधून त्यांचं नाव निघालं. पुढे कोणीतरी बातमी आणली, गढा मोहल्ल्यातले आपले मेश्राम वारले. आम्ही हळहळलो आणि कामाला लागलो.

मग हिवाळ्यात, ऐन जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरकडचं मागचं दार बोलू लागलं. "नमस्ते, दामोदर." दामोदर म्हणजे आमचे मेश्रामकाका. कुलूप खट्कन उघडायचं. आत मात्र कोणी यायचं नाही. शिपाई दुबेजींनी दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या. "साहब, मेश्रामजी ड्यूटी पे आ रहे हैं," ते कुजबुजले. स्टोअरमधून कागद आणायला कोणी धजेना.

त्या दाराची तार उंदरांनी कुरतडली होती. काकांचं नाव काढल्याचा निरोप तिथवर पोचलाच नव्हता, एवढं मला कळत होतं. पण मेलेल्या माणसाचा अंगठा लावत कोण होतं?

एका दुपारी मी आतून दाराला कान लावून उभा राहिलो. बाहेर पावलं वाजली, थांबली. कोणीतरी हलकेच म्हणालं, "बरी आहेस नं?" कुलूप उघडलं. मी दार ओढलं.

मफलर गुंडाळलेले मेश्रामकाका समोर. वाळलेले, पण जिवंत. आणि माझ्याइतकेच दचकलेले.

"काका! तुम्ही तर..."

"मी नाही रे. माझी शांता गेली."

"मग इथं काय करून राहिले?"

त्यांनी हात खिशात घातला. "गल्लीत सारे अंकलजी म्हणतात. पोरगा बाबा म्हणतो, तेही फोनवर. शांता चार लोकांत अहो म्हणायची, घरात दामोदर. आता हे दार तेवढं म्हणते. आत नाही येत रे मी. ऐकतो अन् जातो."

वडिलांच्या वयाचा माणूस. माझी जीभ रेटत नव्हती. तरी म्हणालो, "दामोदरभाऊ, चला, चहा घेऊ."

ते जागचे हलले नाहीत. मफलरच्या टोकानं बराच वेळ चष्मा पुसत राहिले.