आधी काळी, मग लाल

मला लिहिता येतं असं मी म्हणत नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला, आणि परीक्षेचे पेपर सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. वार्षिकांकासाठी कुणाबद्दल तरी लिहा, असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा खरं तर एखादं थोर नाव आठवायला हवं होतं. मला बशीरमामू आठवले. चुकलं असेल तर माफ करा.

तिसगावात स्टँडच्या पुढे मामूंचं बॅटरीचं दुकान आहे. गाडी कुणाचीही असो, बॉनेट उघडायच्या आधी मामू गिऱ्हाइकासमोर साबणाची डबी धरतात. अंगठी, घड्याळ, कडं, सगळं त्यात. नुसतं बघायला उभा असलेल्यालाही सूट नाही. एकदा सरपंच म्हणाले, "अरे, मी लांब उभा हाय."

"मानूस लांब ऱ्हातो, हात ऱ्हात न्हाई. काढा."

एकदा लग्नाला निघालेली गाडी दुकानासमोरच बंद पडली. नवरदेव उत्साहानं इंजिनात वाकला. मामूंनी त्याची अंगठी काढून घेतलीच, वर जरीचा हारही. करवली चिडली, "मुहूर्त टळतोय, मामू!"

"नवरीला बोटासकट नवरा पायजे का नुसती अंगठी?"

डबीच्या तळाशी एक अंगठी मात्र कायम असते. सोन्याची, पण कापलेली आणि वाकडी. कुणाची म्हणून विचारलं की मामू म्हणतात, "गिऱ्हाइकाची हाय. यील न्यायला."

मग काम सुरू होतं. पान्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली असते. मामू मोठ्यानं म्हणतात, "आदी काळी!" काळी वायर आधी सुटली, की नंतर पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. मग लाल. बसवताना उलट, काळी शेवटी. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून निघणारा वायू भडकतो, म्हणून विडीवाल्याला ते हाताला धरून टपरीपर्यंत सोडून येतात. ॲसिड सांडलंच तर टाकायला फळीवर खायच्या सोड्याचा डबा. मामी कुरकुरतात, "माज्या भज्याला चिमूट न्हाई, आन दुकानात किलोभर!"

दुकानाच्या पाटीवर 'शंकर-बशीर' असं लिहिलंय. शंकर कोण, ते मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगितलं. दोघं भागीदार होते. एकदा घाईत मामू म्हणाले, "लाल सोड आदी, काय हुतंय?" शंकरकाकांचा पाना लालवर होता आणि हातातली अंगठी पाना आणि पत्रा यांच्यामध्ये सापडली. क्षणात ती तापून लाल झाली. मामूंनीच ती कापून काढली, पण बोट वाचलं नाही. पुढे काका सुप्याला कंपनीत लागले. त्या दिवसानंतर मामू त्यांना परत कधी भेटले नाहीत. "कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणायचे.

यंदा कॉलेजनं आम्हाला सुप्याची एक कंपनी दाखवायला नेलं. बॅटऱ्यांच्या खोलीच्या दारात एका वयस्कर माणसानं ट्रे पुढे केला. "अंगठ्या, घड्याळं, काढा सगळं." त्यांच्या डाव्या हाताला चारच बोटं होती. मी घाबरत म्हणालो, "शंकरकाका ना? मी तिसगावचा."

त्यांनी ट्रे बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बशा अजून काळीच सोडतो का आदी?"

निघताना त्यांनी एक निरोप दिला. गावी आलो तो मी थेट दुकानात गेलो. मामू एका जीपची बॅटरी काढत होते. काळी सुटली होती, लाल राहिली होती. मी निरोप होता तसा सांगितला, "बशाला म्हनावं, बोटाचं मी कवाच विसरलो. पन दवाखान्यात मी रोज दाराकडं बघत पडलेलो हुतो. तू आला का न्हाईस?"

मामूंनी पाना खाली ठेवला. "दाराकडं बघत?"

"व्हय, मामू. रोज."

त्यांनी डबीतली कापलेली अंगठी काढली, शर्टाला पुसली आणि खिशात घातली. मग जीपवाल्याला म्हणाले, "थांबायचं तर थांबा. मला सुप्याला एका गिऱ्हाइकाकडं जायचंय."