मी कॉम्प्युटरला वळण लावतो

माझ्या अंगात एक कसब आहे. मी घरातून रोज उशिरा निघतो आणि ऑफिसात बरोबर वेळेवर पोहोचतो! हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ ऑफिस सुरू झाल्याचं सांगत असतं, तेव्हा मी बूट शोधत असतो. तरी खुर्चीत वेळेवर! पायात वेग लागतो, दुसरं काय!

अशा माणसाच्या घरातला कॉम्प्युटर पाऊण तास मागे! रोज सकाळी भिंतीवरचं घड्याळ बघून मी त्याची वेळ पुढे करायचो आणि संध्याकाळी स्वारी पुन्हा मूळपदावर. मोबाइल बघितला, तर तोही कॉम्प्युटरच्याच बाजूने. चोर चोर मावसभाऊ!

एरवी सोडून दिलं असतं, पण त्या दिवशी अकरा वाजता लेकीची कॉम्प्युटरवर मुलाखत होती. पहिली नोकरी! या यंत्राच्या आळसापायी तिची संधी हुकू देणारा बाप मी नव्हे. ती आत उत्तरं घोकत होती, तेवढ्यात मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

आधी 'वेळ आपोआप जुळवा' समोरची खूण काढून टाकली. मग खोकं उघडून आतली बटणाएवढी बॅटरी बदलली. कॉम्प्युटर सुरू केला आणि तारीख बघून मला घामच फुटला. त्या तारखेला आमची लेक शाळेतसुद्धा जात नव्हती! त्या जुन्या तारखेवर मुलाखतीचं पान काही केल्या उघडेना.

मान वर केली, तर भिंतीवर अकरा!

"अगं, अकरा वाजले!"

"वाजू देत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पोरीची नोकरी जाईल!"

"बाबा, ओरडू नका ना, सगळं विसरायला होतं!" लेक आतून म्हणाली.

काय हे घर! टेबलावरच्या चिठ्ठीत मुलाखत घेणाऱ्या मॅडमचा नंबर होता. मी थेट फोन लावला.

"मॅडम, चूक माझी आहे, शिक्षा पोरीला देऊ नका! अकरा वाजून गेले, पण ती केव्हाची तयार आहे हो!"

मॅडम हसल्या.

"अहो काका, आत्ता कुठे सव्वादहा होतायत."

मी फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं.

"लग्नानंतर ते भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं होतं," ती हात पुसत म्हणाली. "तुम्ही त्याला सरावलात. मग आणखी पाच. तुम्ही सरावत गेलात, मी सरकवत गेले."

"आणि हिला माहीत होतं?"

"लहानपणापासून," म्हणत लेक बाहेर आली आणि तिने 'आपोआप'ची ती खूण पुन्हा लावली. कॉम्प्युटर ताळ्यावर आला, पान उघडलं.

नोकरी मिळाली! मॅडम तिला म्हणाल्या म्हणे, "ज्या घरचे वडील पाऊण तास आधीच उशिराची माफी मागतात, तिथली मुलगी कशाला उशीर करेल?" माझी छाती फुगली. म्हणजे नोकरी मीच मिळवून दिली की! त्याच भरात मी हुकूम सोडला, "आता हे घड्याळ बरोबर लाव. असली लबाडी या घरात नको!"

बायकोने मुकाट्याने लावलं.

लेकीचा कामाचा पहिला दिवस. तिला ऑफिसच्या दारापर्यंत सोडायचा मान माझा होता. नवा शर्ट घातला, भिंतीकडे नजर टाकली आणि नेहमीच्या वेळी बूट शोधायला लागलो. बाहेर आलो, तर दारात बायको एकटीच.

"गेली ती. खूप वाट बघितली हो तुमची."

घड्याळ आता पुन्हा पुढे आहे. किती, ते मी विचारत नाही.