आगाशे सरांच्या घरचं वाळवणयंत्र

"हे काय आणलंस?" श्याम आगाशेंनी पडवीतून विचारलं, आणि टेंपोतून खोकं उतरवणाऱ्या उन्मेषच्या हातून ते निसटता निसटता राहिलं.

खरं उत्तर अवघड नव्हतं. खोक्यात बिटकॉइनचं खाणकाम करणारं यंत्र होतं. नावात खाण असली तरी खणायचं काहीच नसतं. यंत्र आपलं दिवसभर आकड्यांशी झटापट करत बसतं, आणि त्या बदल्यात मालकाच्या खात्यात त्या न दिसणाऱ्या नाण्याचा एखादा कण पडतो. पुण्याच्या विनीतने, म्हणजे उन्मेषच्या मित्राने, आपलं जुनं यंत्र त्याला मैत्रीखातर देऊन टाकलं होतं. पण उन्मेषचे वडील, आगाशे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. लॉटरी, सट्टा, 'तुम्हाला बक्षीस लागले आहे' असा मेसेज आणि बिटकॉइन या सगळ्यांना ते एकाच बाकावर उभं करत आणि एकदमच वर्गाबाहेर काढत.

शिवाय उन्मेषची परीक्षा चालू होती. पुण्याची नोकरी सोडून तो बायकोला घेऊन रत्नागिरीला, गावाबाहेरच्या या घरात परतला होता आणि त्याला इथेच राहायचं होतं. कंपनी मात्र परत बोलावत होती. सरांनी निकालाची तारीख ठरवून टाकली होती. "यंदाची आमसुलं बरणीत भरेपर्यंत तुझा कशात तरी जम बसलेला मला दिसला पाहिजे. नाही दिसला, तर मुकाट्याने पुण्याला जायचं."

आणि त्याच क्षणी समोर उन्मेषची आई, वासंतीबाई, आमसुलांचं सूप कमरेवर घेऊन आभाळाला बोल लावत उभ्या होत्या. मे महिना असून उन्हाचा पत्ता नव्हता. रोज मळभ. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, साली त्याच्याच खारट रसात, आगळात, बुडवून वाळत घालाव्यात, तर वाळायच्या आधीच बुरशी हजर.

"वाळवणयंत्र," उन्मेष म्हणाला.

"अगो बाई!" वासंतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "आईची काळजी आहे हो माझ्या लेकाला! ऐकलंत का? वाळवणयंत्र आणलंन् ह्याने!"

सरांनी चष्म्यावरून एकदा खोक्याकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं. "म्हणजे हा तुझा धंदा? हरकत नाही. वाळवून दाखव."

उन्मेषची बायको अपूर्वा शहरातल्या एका पतपेढीत काम करते. तिला खोक्यात काय आहे ते ठाऊक होतं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की उन्मेषने लगेच खोकं उचललं आणि तो मागच्या कोठीच्या खोलीत दिसेनासा झाला.

यंत्र सुरू करताक्षणी घरातली वीज गेली. कोठीतलं वायरिंग एका दिव्यापुरतं होतं आणि यंत्राची भूक गिझरच्या वर. वायरमन अनिल आला, त्याने थेट मीटरपासून जाड वायर ओढून दिली, आणि बटण दाबल्यावर जो आवाज सुरू झाला त्याने आढ्यावरचं मांजर उडी मारून जे गेलं ते जेवायच्या वेळेलाच परतलं. मग उन्मेषने माजघरातून कोठीपर्यंत इंटरनेटची केबल नेली. सर त्याच्या मागोमाग केबल बघत बघत आले.

"वाळवणयंत्राला इंटरनेट कशाला?"

"हवेतला दमटपणा बघायला."

"तो मला हात बाहेर काढला की कळतो."

"त्याला हात नाहीत ना, बाबा."

सरांना हे पटलं असावं, कारण ते परत फिरले. उन्मेषने लॅपटॉप उघडला. यंत्र कामाला लागलं होतं. त्याला इतका आनंद झाला, की आईने यंत्राच्या मागच्या अंगाला दोन पाट मांडून त्यावर आमसुलांची सुपं ठेवली आहेत, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्या बाजूने गरमगरम वारा भसाभस येत होता. वासंतीबाई हात जोडून उभ्या होत्या.

खरी गंमत इथून पुढे आहे. असल्या यंत्राला गारवा लागतो. तापलं की ते स्वतःहून बंद पडतं. आमसुलांना लागते ऊब. त्यामुळे उन्मेष खिडकी उघडायचा, आणि त्याची पाठ वळली की वासंतीबाई ती लावून घेत.

"आई, खिडकी उघडी राहू दे."

"अरे, सगळी धग बाहेर जात्ये! वाळवायचंय की बागेला शेकायचंय?"

"यंत्राला हवा लागते गं."

"हवा लागायला ते काय बाळंतीण आहे?"

तासाभरात यंत्र तापून गप्प झालं. उन्मेषने ते पुन्हा चालू केलं, खिडकी उघडली आणि तिच्यापाशी खुर्ची टाकून पहारा देत बसला. वासंतीबाईंनी दुसरा मार्ग काढला. यंत्राच्या पुढच्या बाजूलाही वारा वाहतो, हे त्यांनी पदर धरून पाहिलं होतं. तो वारा बाहेर येत नाही, आत ओढला जातो, एवढाच फरक. त्यांनी तिसरं सूप पुढे लावलं आणि त्या जेवण करायला गेल्या.

"विनीत, एक पंखा फिरत नाहीये रे," उन्मेष फोनवर कुजबुजत होता.

"काही अडकलंय का बघ. धूळ, केस, काही?"

"आमसूल."

"किती आहेत?"

"दोन दिसतायत. तिसरं आत गेलंय."

"आत म्हणजे बोर्डावर?"

"वास तरी तसाच येतोय. सार उकळल्यासारखा."

"उन्मेष," विनीत म्हणाला, "मी ते यंत्र बेडरूममध्ये चालवलंय. माझं लग्न मोडता मोडता वाचलं. पण आमसूल कधी अडकलं नाही रे. ते वीज बंद करून चिमट्याने काढ, आणि बोर्ड पुसून घे. पाण्याने नाही!"

अपूर्वाच्या भुवया कोरायच्या चिमट्याने आमसुलं निघाली. यंत्राने एक आचका दिला आणि पुन्हा सूर धरला. तेवढ्यात मागच्या दारात गंगाराम उभा. शेजारच्या वाडीतला, सरांच्या आंब्यांची राखण करणारा. डोक्यावर तांदळाचं गाठोडं.

"सर, गिरन घातलांत आनि सांगितलांत पन नाय? पार आमच्या खळ्यात आवाज येतोय. म्हटलं, भाकरीचं पीठ काढून घ्यावं."

"गिरणी नव्हे ती," सर म्हणाले. "उन्मेषचं वाळवणयंत्र आहे."

गंगारामने कोठीत डोकावून पाहिलं. एका सालीला हात लावला. मग तांदळाचं गाठोडं तिथेच टाकून तो घरी पळाला, आणि परत आला तो बायकोला, तुळसाला, आणि रातांब्याच्या सालींनी भरलेल्या दोन पराती घेऊन.

"दादा, आमची पन सोलं ठेवा कनी त्याच्या म्होरं," तुळसा म्हणाली. "पांढरी बुरशी धरायला लागलीय. पन टाकून द्यायला जीव होत नाय."

'नाही' म्हणायला उन्मेषने तोंड उघडलं. पण बाबा मागेच उभे होते आणि परीक्षा चालू होती. "ठेवा," तो म्हणाला. चार दिवसांत कोठीत उभं राहायला जागा उरली नाही. वाडीतल्या काशीरामची परात आली, विठूच्या आईच्या आंबापोळ्यांची ताटं आली, आणि खिडकीच्या फटीत तुळसाने स्वतःच्या हाताने गोणपाट कोंबलं. यंत्र दिवसातून दहादा तापून बंद पडत होतं. लॅपटॉपवर कमाईचा जो आकडा होता तो पाहायला सरांचं भिंग लागलं असतं. ते मागण्याची सोय नव्हती.

त्यातच पुण्याच्या कंपनीचा पुन्हा फोन आला. आठवडा संपायच्या आत कळवा, नाहीतर दुसऱ्याला घेतो.

"सरळ सांगून टाक बाबांना," अपूर्वा म्हणाली.

"सांगितलं तर आजच बॅग भरायला लावतील."

"आणि हे असं किती दिवस? खाणकाम होत नाही, वाळवण होत नाही. दिवसभर नुसती खिडकी उघडतोस नि लावतोस!"

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या दुपारी उन्मेष कोठीत गेला तो खिडकी सताड उघडायची, सगळी सुपं बाहेर काढायची आणि यंत्राकडून निदान एक दिवस तरी नीट काम करून घ्यायचं, असं ठरवूनच. आत वासंतीबाई स्टुलावर बसून एकेक साल उलटत होत्या. बोटं रातांब्याच्या रसाने लालकाळी झाली होती.

"यंदाची टाकून द्यायचीच मनाची तयारी केली होती मी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "रातांबे फोडताना रोज वाटायचं, कशाला करत्ये मी हे? गणपतीपुळ्याच्या दुकानवाल्याला काय तोंड दाखवणार? तो दरवर्षी माझीच आमसुलं मागतो, दुसऱ्या कोणाची ठेवीत नाही. मग तू आलास. बरं झालं हो आलास."

उन्मेषने खिडकीला लावलेला हात काढून घेतला. घरी आल्यापासून 'बरं झालं आलास' असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. ते ऐकायलाच आपण पुण्याहून आलो होतो, हे त्याला आत्ता कळलं. तो लॅपटॉपपाशी बसला आणि विनीतला फोन लावला.

"याला मंद चालवता येतं का रे? म्हणजे बंदही पडणार नाही आणि ऊबही राहील असं?"

"येतं की. पण मग कमाई काय राहणार?"

"ती नको. मला आमसुलांपुरतं चालवायचंय."

"तू ठीक आहेस ना?" विनीतने विचारलं. पण तो मित्र खरा. उन्मेषला फोनवर धरून ठेवून त्याने एकेक आकडा बदलायला लावला, आणि यंत्राची किंचाळी उतरत उतरत पंख्याच्या घरघरीवर आली. सुपं गरम वाऱ्याच्या बाजूला, गार हवेची बाजू मोकळी, खिडकी अर्धी. यंत्र एकदाही बंद पडलं नाही. वासंतीबाईंनी साली पुन्हा आगळात बुडवल्या, पुन्हा वाळवल्या. काळीभोर, मऊ आमसुलं झाली. गंगारामची झाली. काशीरामची झाली. विठूच्या आईच्या आंबापोळ्या ताटाला न चिकटता सुटल्या.

बरण्या भरायच्या दिवशी सगळे पडवीत जमले. सरांनी एक आमसूल तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं आणि ते उभे राहिले. वर्गात निकाल वाचायला राहत तसेच.

"उन्मेष, मला वाटलं होतं तू इथे नुसता आराम करायला आलास. माझी चूक झाली. आईसाठी यंत्र आणलंस, शेजारपाजारच्यांचं नुकसान वाचवलंस. पुण्याला कळवून टाक, येत नाही म्हणून."

हवं होतं ते मिळालं होतं. अपूर्वा डोळ्यांनीच सांगत होती, आता गप्प बस. गप्प बसला असता तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पण तुळसा त्याच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती, आई डोळे पुसत होती, आणि आयुष्यात कधी कोणाकडे चूक कबूल न केलेल्या बापाने भर पडवीत ती कबूल केली होती. एवढं सगळं फुकट घेणं उन्मेषला जमेना.

"बाबा, ते वाळवणयंत्र नाही. बिटकॉइनचं यंत्र आहे. मी खोटं बोललो."

"म्हंजे ता सोलं सुकवीत नाय?" तुळसाने हातातल्या आमसुलाकडे पाहत विचारलं.

"सुकवतं. पण ते त्याचं काम नाही."

"मग काम काय त्याचं?" सरांचा आवाज खाली आला होता. तो तसा आला की जुने विद्यार्थी अजूनही बाकाखाली बघत.

"गणितं सोडवायची."

"गणितं?" सर थबकले. "कसली गणितं?"

"म्हणजे सोडवतं असं नाही. एक आकडा लागू पडतो का बघतं. नाही पडला तर दुसरा, तोही नाही तर तिसरा. सेकंदाला कोट्यवधी."

"रीत कोणती?"

"रीत नाही. अंदाज."

"पायऱ्या?"

"नसतात."

"मग उत्तर बरोबर किती वेळा येतं?"

"आपल्या यंत्राचं बहुधा एकदाही यायचं नाही," उन्मेष म्हणाला. "खूप यंत्रं मिळून करतात. एखाद्याचं आलं, की बाकीच्यांना प्रयत्नाचे थोडे मार्क मिळतात."

सरांनी कोठीच्या दिशेला पाहिलं. मग आमसुलांच्या बरण्यांकडे. "म्हणजे आठवडाभर आमच्या घरात जी ऊब आहे, ती सगळी चुकलेल्या गणितांची?"

"हो, बाबा."

सर खाली बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा वासंतीबाई घाबरून पुढे झाल्या. पण ते हसत होते. त्यांना असं हसताना उन्मेषने पाहिलं नव्हतं. "वासंती, अगं सगळी नोकरी मी चुकलेली गणितं तपासण्यात घालवली! ढिगांनी चुकली! एका कार्ट्याच्या चुकीवर कधी आमसूल वाळलं नाही गं!"

मग पडवीच हसायला लागली. गंगाराम तर गुडघ्यावर थापा मारत होता, कारण सरांनी तपासलेल्या त्या ढिगात त्याचाही मोठा वाटा होता.

"मग बाबा, पुण्याला..." उन्मेषने चाचरत विचारलं.

"सांगितलं ना एकदा, कळवून टाक म्हणून. खोटं बोललास त्याची शिक्षा वेगळी. पुढच्या वर्षीचे रातांबे तू फोडायचेस."

उन्मेषचे डोळे भरून आले. विनीतचे, आईचे, तुळसाच्या गोणपाटाचे, कोणाकोणाचे आभार मानावेत ते त्याला सुचेना. तो बापाच्या पाया पडायला वाकला, तर सर तिथे नव्हतेच. ते आत गेले होते. उन्मेष त्यांच्यामागे कोठीच्या दारापर्यंत आला.

आत यंत्र घरघरत होतं. सर त्याच्यासमोर उभे होते. जन्मभर ज्या हाताने त्यांनी पोरांचे कान पिळले, तो हात त्यांनी यंत्राच्या तापलेल्या पाठीवर हलकेच ठेवला.

"चुकत राहा, बाळा," ते म्हणाले. "दमू नकोस."

त्यांनी घरात कोणालाच कधी बाळा म्हटलं नव्हतं. उन्मेषला त्या यंत्राचा जरा हेवाच वाटला.